लहान हात आणि मोठी कृति

पाश्चात्य संगीताच्या परीक्षा आणि चढाओढी ह्या आतां मुंबईच्या मोजक्या पारशी व ख्रिस्ती घरांपुरत्या राहिलेल्या नाहींत. पुण्याच्या पेठांतून, ठाण्या-डोंबिवलीच्या सदनिकांतून, नाशिक-नागपुराकडेहि पियानो, किंवा निदान पियानोच्या पट्ट्यांचें विजेवर चालणारें वाद्य, दिसूं लागलें आहे. ज्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत पूर्वीं पायपेटी असे, तेथें हें वाद्य येऊन बसलें आहे, आणि शाळेंतून आलेलें मूल हातपाय धुऊन त्याच्यापुढें बसतें. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु वाद्याच्या मागोमाग एक प्रश्नहि घरांत येतो, व तो वडील मंडळींस कधीं ना कधीं सोडवावा लागतो. मूल हुशार आहे. शिकविणाऱ्या बाईंनीं अगर मास्तरांनीं त्याचें नांव स्पर्धेस दिलें आहे. परीक्षकांपुढें एक अगर दोन कृति वाजवावयाच्या आहेत. तर त्या कोणत्या? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. पण त्याच्या उत्तरावर मुलाचे पुढील सहा महिने, आणि क्वचित् त्याचें त्या वाद्याशीं असलेलें सारें नातें, अवलंबून असतें. म्हणून त्याचा शांतपणें विचार व्हावा, इतकाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखक पियानो वाजवीत नाहीं. तो संस्कृत शिकविणारा निवृत्त शाळामास्तर आहे. परंतु नातीच्या शिकवणीच्या वेळीं गेलीं चार वर्षें मागच्या खुर्चीवर बसून ऐकणें, तिच्या बाईंस शंका विचारणें, आणि त्या त्या रचनांचा इतिहास वाचणें, एवढें त्याच्याकडून घडलें आहे. शिवाय शाळेंत असतांना श्लोकपाठांतराच्या चढाओढींत परीक्षकाच्या आसनावर तो पुष्कळ वर्षें बसलेला आहे. वाद्य निराळें असलें तरी परीक्षकापुढें उभें राहणारें मूल सर्वत्र एकच असतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. परीक्षा निराळी, स्पर्धा निराळी. लंडनच्या ज्या दोन संस्थांच्या परीक्षा आपल्याकडील मुलें देतात, त्यांपैकीं ट्रिनिटीनें आपल्या संगीतपरीक्षा १८७७ सालीं सुरू केल्या, आणि असोशिएटेड बोर्ड ही संस्था १८८९ सालीं निघाली. दोहोंच्याहि मुख्य पायऱ्या, म्हणजे 'ग्रेड', आठ आहेत. असोशिएटेड बोर्डाच्या प्रत्यक्ष परीक्षेंत एकूण गुण १५० असतात. १०० मिळाले तर मूल उत्तीर्ण, १२० ला मेरिट आणि १३० ला डिस्टिंक्शन. त्यांतील ९० गुण तीन कृतींचे, प्रत्येकीं ३०. उरलेले ६० स्वरमालिका, अपरिचित स्वरलेखन समोर ठेवून वाजविणें आणि कानाची परीक्षा ह्यांत वांटलेले असतात. कृति ठरीव यादींतूनच घ्यावयाच्या असल्यामुळें निवड चुकली तरी फार दूर जात नाहीं. शिवाय यादींतील अवघड कृतीस जास्त गुण आणि सोप्या कृतीस कमी, असा प्रकार तेथें नसतो. दोहोंचे गुण तेवढेच. ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते.

स्पर्धेंत बहुधा वयाचा गट आणि वेळेची मर्यादा एवढेंच ठरलेलें असतें. बाकी मैदान मोकळें. आणि मैदान मोकळें असलें कीं माणसाची महत्त्वाकांक्षा धांवूं लागते. आजकाल हिला आणखी एक इंधन मिळालें आहे. मोबाईलच्या पडद्यावर कोण्या दूर देशांतील सहा वर्षांचें मूल वादळासारखें वाजवितांना दिसतें, आणि तें पाहून घरांतील मंडळींस आपल्या मुलाची दहाव्या वर्षाची शांत, नेटकी प्रगति एकाएकीं फिकी वाटूं लागते. त्या पडद्यावर त्या मुलाचे रोजचे पांच पांच तास दिसत नाहींत, व त्याच्यासारख्या दुसऱ्या शंभर मुलांचें काय झालें तेंहि दिसत नाहीं. मग घरांत चर्चा सुरू होते: "हें सोपें आहे, हें सगळेच वाजवितात, परीक्षकांचे डोळे दिपले पाहिजेत."

येथेंच पहिली चूक होते. परीक्षकाचे डोळे दिपत नाहींत. त्याचे कान ऐकत असतात. श्लोकपाठांतराच्या चढाओढींत दरवर्षीं कांहीं मुलें शार्दूलविक्रीडित घेऊन येत. एकेका चरणांत एकोणीस अक्षरें, बाराव्या अक्षरावर यति. वडिलांनीं हौसेनें निवडलेलें असे. पण लहान छातींत तेवढा श्वास नसे. नवव्या-दहाव्या अक्षरावर मूल मध्येंच दम घेई, समास दुभंगे, अर्थाची वाट लागे, आणि त्या बिचाऱ्याचें सारें लक्ष चरण कसाबसा पैलतीरीं नेण्यांत गुंतून जाई. त्याच्या मागून एखादी मुलगी येऊन साधा अनुष्टुभ् म्हणे: आठ अक्षरांचा चरण, उच्चार स्वच्छ, अर्थ चेहऱ्यावर उमटलेला. परीक्षकांस एकमेकांकडे पाहण्याचीहि गरज पडत नसे. ह्याचा अर्थ शार्दूलविक्रीडित वाईट असा नव्हे. ज्याचा श्वास तेवढा झाला आहे त्यानें तें अवश्य म्हणावें, आणि अशा मुलाच्या तोंडून तें ऐकण्यासारखें सुख नाहीं. प्रश्न वृत्ताचा नसून श्वासाचा आहे.

आपल्या गायनांतहि हाच न्याय आहे. दरबारी कानडा हा मोठा राग खरा. पण त्याचा आंदोलित कोमल गंधार दहा वर्षांच्या गळ्यांतून निघाला नाहीं, तर दरबारींतील दरबार तेवढा जातो आणि नुसता ताठा राहतो. तेंच मूल भूपांत पांच स्वरांनीं घर उजळून टाकतें. काश्मीरच्या क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत 'औचित्यविचारचर्चा' लिहून औचित्य हा काव्याचा प्राण ठरविला. अलंकार योग्य जागीं नसेल तर तो शोभा न देतां हसें करतो, असा त्याचा अभिप्राय. पियानोच्या कृतीची निवड ही अथपासून इतिपर्यंत औचित्याचीच बाब आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. औचित्याची पहिली कसोटी अगदीं शरीराची आहे. पियानोला ८८ पट्ट्या असतात, आणि त्यांची रुंदी मोठ्या माणसाच्या हातास अनुसरून ठरलेली आहे. एका 'सा' पासून वरच्या 'सा' पर्यंतचें अंतर सुमारें साडेसोळा सेंटिमीटर भरतें. अंगठा एका टोकावर व करंगळी दुसऱ्या टोकावर ठेवून दोन्ही स्वर एकदम दाबावयाचे, असें रोमँटिक काळांतील रचनांत पदोपदीं येतें. दहा वर्षांच्या पुष्कळ मुलांचा पंजा तेथवर पोंचतच नाहीं, किंवा पोंचला तरी काठीसारखा ताठ होतो. ताठ हातानें निघालेला स्वर कोरडा असतो. आणि तसाच हात रोज तास तास चालविला तर मनगट दुखूं लागतें. हें दुखणें मुलें लौकर सांगत नाहींत. ह्या वाद्याच्या इतिहासांत रॉबर्ट शूमान ह्याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १८३२ सालच्या सुमारास, ऐन तारुण्यांत, त्याच्या उजव्या हाताचें बोट निकामी झालें, आणि वादक होण्याची त्याची सारी आशा तेथेंच संपली. त्याच्या कारणांविषयीं पंडितांत मतभेद आहेत; परंतु हात ही जपण्याची वस्तु आहे एवढा बोध मतभेदाशिवाय घेतां येतो. तेव्हां कृति निवडतांना पहिला प्रश्न असा कीं, हींतील सर्वांत रुंद जागा ह्या मुलाच्या हातांत मोकळेपणानें मावते काय? मावत नसेल तर पुढील चर्चा नको. पायाचेंहि तसेंच. ज्याचे पाय पेडलपर्यंत नीट पोंचत नाहींत त्या मुलास पेडलवर अवलंबून असलेली रचना देणें म्हणजे होडीशिवाय नदीवर पाठविणें होय.

कोणी म्हणेल, मग लहान हातांनीं नुसते सराव-धडेच वाजवावे काय? मुळींच नाहीं. युरोपांतील मोठमोठ्या रचनाकारांनीं मुलांसाठीं जें लिहून ठेवलें आहे, तें पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. बाखनें १७२० सालीं आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठीं एक वही सुरू केली. पुढें 'इन्व्हेन्शन्स' म्हणून प्रसिद्ध झालेल्या दोन पदरी रचना प्रथम त्या वहींतच आल्या, आणि १७२३ सालीं त्यानें त्या पंधरा रचनांची सुवाच्य प्रत केली. त्यांत दोन्ही हातांस समान मान आहे; डावा हात हा उजव्याचा गडी नव्हे. शिवाय वादन गाण्यासारखें व्हावें हा आपला हेतु त्यानें त्या प्रतीवर नमूद केला आहे. त्याच्या पत्नीच्या १७२५ च्या वहींतील एक मिन्युएट सर्व जगांतील मुलें वाजवितात. ती बाखची म्हणून दीर्घकाळ चालली, पण ती पेट्झोल्ड नांवाच्या ड्रेस्डेनच्या ऑर्गनवादकाची आहे असें आतां ठरलें आहे. नांव बदललें म्हणून गोडी गेली नाहीं.

मोत्सार्टनें १७८८ सालीं एक सोनाटा नवशिक्यांसाठीं म्हणून लिहिला. सध्यां तो केशल-क्रमांक ५४५ म्हणून ओळखतात. तो दिसावयास इतका सोपा आहे कीं पालक तो पाहून नाक मुरडतात. परंतु आर्तुर श्नाबेल ह्या विख्यात वादकाचें मत असें सांगतात कीं, मोत्सार्टच्या रचना मुलांस सोप्या वाटतात आणि कलावंतांस अवघड. कारण त्यांत लपावयास जागा नाहीं. एक स्वर जाड पडला तर तो स्वच्छ धोतरावरील शाईच्या ठिपक्यासारखा दिसतो. म्हणून सोपी दिसणारी कृति स्पर्धेंत नेहमींच सोपी असते असेंहि समजूं नये.

वर ज्याचा उल्लेख आला त्या शूमाननें १८४८ सालीं मुलांसाठीं त्रेचाळीस रचनांचा संग्रह केला. त्यांतील पहिल्या कांहीं त्यानें आपल्या थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाची भेट म्हणून लिहिल्या होत्या. येथें एक सावधगिरी सांगावीशी वाटते. त्याच शूमानचा १८३८ चा तेरा रचनांचा दुसरा एक संग्रह आहे, आणि त्याचें नांव 'बालपणचीं दृश्यें' अशा अर्थाचें आहे. नांवावरून पालक तो मुलांचा समजतात. परंतु तो प्रौढानें मागें वळून पाहिलेल्या बालपणाचा आहे. त्यांतील सुप्रसिद्ध स्वप्नगीताचे स्वर थोडे असले तरी त्यांतील ओढ चाळिशीची आहे. मुलांविषयीं लिहिलेलें आणि मुलांसाठीं लिहिलेलें ह्यांत किती अंतर असतें हें आपणांस साहित्यावरूनहि ठाऊक आहे.

चायकोव्हस्कीनें १८७८ सालीं चोवीस रचनांचें मुलांचें पुस्तक करून आपल्या भाच्यास अर्पण केलें. हंगेरीच्या बार्टोकनें खेड्यापाड्यांतून लोकगीतें गोळा केलीं, आणि १९०८-०९ सालीं त्यांवरून मुलांसाठीं लहान लहान पंच्याऐंशी रचना केल्या. त्यांत सप्तकाची ताण मुद्दाम टाळलेली आहे, ही लहान पंजाविषयींची केवढी कळकळ! आपल्या ओव्या आणि भोंडल्याचीं गाणीं ऐकत वाढलेल्या मुलास बार्टोकच्या ह्या चाली परक्या वाटत नाहींत, असा आमच्या घरचा अनुभव आहे. सारांश, लहान हातांसाठीं लहान दर्जाचेंच मिळतें हा समज खरा नाहीं.

दुसरी कसोटी परिचयाची. बीथोव्हेनची 'एलीझेसाठीं' ही रचना १८१० ची. ती छापली गेली १८६७ सालीं, म्हणजे तो वारल्यावर चाळीस वर्षांनीं. आज ती मोटारी मागें घेतांना आणि दारावरच्या घंटींतहि वाजते. स्पर्धेंत ती घेणाऱ्यानें दोन गोष्टी ओळखाव्या. परीक्षकानें ती शेंकडों वेळां ऐकलेली आहे, त्यामुळें तुलना फार कठोर होते. आणि जो आरंभ सर्वांस येतो त्याच्या पुढील भाग बराच अवघड आहे. पुष्कळ मुलें पहिल्या पानावर सुरेख चालतात व पुढें ठेंचाळतात. कृतीची पारख तिच्या पहिल्या पानावरून करूं नये. तिच्यांतील सर्वांत अवघड आठ ओळींवरून करावी.

गेल्या वर्षीं आमच्याच घरीं हा प्रश्न उभा राहिला. माझे दोन्ही चिरंजीव, सुना व नातवंडें एकत्र राहतात. धाकट्याची कन्या तेव्हां दहा वर्षांची होती. एका स्पर्धेस तिचें नांव गेलें. वेळ पांच मिनिटें, कृति एक अगर दोन. तिच्या मोठ्या काकांस, म्हणजे माझ्या थोरल्या चिरंजीवांस, शोपांची 'फँटसी-इंप्रॉम्प्टु' ही रचना अत्यंत प्रिय. ती आहेच तशी. परंतु तिच्यांत उजवा हात चार स्वर घेतो तेवढ्या वेळांत डाव्यानें तीन घ्यावयाचे असतात, आणि हें सगळें अति द्रुत लयींत. खुद्द शोपांनें ती हयातींत छापली नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर १८५५ सालीं ती प्रसिद्ध झाली.

काका बाईंस म्हणाले, "बाई, हिला जें येतें तें सगळ्यांच मुलांना येतें. कांहीं तरी दणदणीत द्या."

बाई शांतपणें म्हणाल्या, "सहा महिन्यांत बोटें कदाचित् पोंचतीलहि. पण ते सहा महिने ती दुसरें कांहीं शिकणार नाहीं. आणि त्या दिवशीं ती वाजवीत नसेल, नुसती निभावीत असेल."

तरी काकांच्या आग्रहाखातर तीन आठवडे प्रयत्न झाला. पहिल्या आठवड्यांत मुलीस मोठी हौस वाटली. दुसऱ्यांत ती एकच ओळ चाळीस चाळीस वेळां वाजवूं लागली. तिसऱ्यांत ती शाळेंतून आल्यावर पियानोच्या खोलींत न जातां स्वयंपाकघरांत रेंगाळूं लागली, आणि तिच्या आईच्या लक्षांत आलें कीं ती डाव्या मनगटास हळूच हात लावीत असते. आईनें त्या रात्रीं पंगत उठल्यावर गोष्ट सर्वांसमोर काढली. ती म्हणाली, "बक्षीस नाहीं आलें तरी चालेल. पण ही खोली तिला नकोशी झाली तर तें पुन्हां कोण परत आणून देणार?" ह्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं, कारण उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं बाईंनीं तिच्यापुढें चार पुस्तकें ठेवलीं आणि सांगितलें, "आठवडाभर रोज थोडें थोडें वाजवून पाहा. जी कृति दुसऱ्या दिवशीं मीं न सांगतां पुन्हां वाजवावीशी वाटेल, तिच्यावर पेन्सिलीची खूण कर." आठ दिवसांनीं एकाच जागीं खूण होती. ती शूमानच्या १८४८ च्या संग्रहांतील 'पहिलें हरवणें' अशा अर्थाच्या नांवाची लहानशी रचना. काकांनीं विचारलें, "हीच कां ग?" मुलगी म्हणाली, "आजी गेली तेव्हां मला असें झालें होतें. आधीं सगळें हळू हळू, आणि मग शेवटीं एकदम मोठ्यानें." त्या रचनेंत खरोखरच खालीं उतरणारी एक साधी चाल पुन्हां पुन्हां येते, आणि शेवट जवळ येतां एकाएकीं मोठ्यानें स्वर उमटतात. हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. काकांनीं पुन्हां 'दणदणीत' हा शब्द काढला नाहीं. बाईंनीं मात्र त्याच संग्रहांतील दुसरी एक कृति तिच्या जोडीस दिली. तिचें नांव 'क्नेख्त रूप्रेख्त'. हा जर्मन लोककथांतील दांडगा पाहुणा डिसेंबरांत येऊन मुलांची झाडाझडती घेतो. तेव्हां ती रचना जोरकस, पाय आपटीत चालणारी आहे. एक दुःखाची, एक धसमुसळी. दोन्ही मिळून पांच मिनिटांच्या आंत.

निकाल सांगितलाच पाहिजे. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालें. पहिला नंबर तेरा वर्षांच्या एका मुलाचा आला. त्यानें बरीच मोठी व अवघड कृति घेतली होती आणि ती फार सुंदर वाजविली. त्याचा हात आणि त्याचें मन दोन्ही तेथवर पोंचलेलीं होतीं. तेव्हां मोठी कृति घेणारा हरतो असा सिद्धांत काढूं नये. परीक्षकांनीं आमच्या मुलीच्या कागदावर एवढेंच लिहिलें होतें कीं, पहिल्या कृतींतील दोन्ही हातांचें संभाषण स्पष्ट ऐकूं आलें. दुसरे दिवशीं रविवार होता, स्पर्धा संपलेली होती, सरावाची गरज उरली नव्हती. तरी सकाळीं सातच्या सुमारास त्या खोलींतून वाजविण्याचा आवाज येत होता. घरांतील मंडळींनीं बक्षिसाहून त्याचेंच समाधान अधिक मानलें.

ह्या अनुभवावरून व बाईंशीं झालेल्या संभाषणांवरून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी वाचकांपुढें ठेवतों.

पहिली अशी कीं, स्पर्धेची कृति मुलाच्या शक्तीच्या शेवटच्या पायरीवरची नसावी. तिच्या एक-दोन पायऱ्या खालची असावी. शिकण्यासाठीं अवघड कृति जरूर घ्यावी, ती वर्गांत घ्यावी. परीक्षकांपुढें मन घाबरलें म्हणजे शक्तीचा कांहीं भाग भीतींतच खर्च होतो. तेवढी शिल्लक आधींच राखून ठेवली पाहिजे.

दुसरी वेळेची. स्पर्धेच्या सहा-आठ आठवडे आधीं कृति पूर्ण बसलेली व पाठ झालेली असावी. उरलेले दिवस स्वर शोधण्यांत न जातां ऐकण्यांत जावे. शेवटच्या पंधरवड्यांत कृति बदलणें म्हणजे मांडवाच्या दारांत मुहूर्त बदलणें होय. वेळेची मर्यादा घड्याळ लावून पाहावी. घंटा वाजून मध्येंच थांबावें लागलें तर मुलाचें मन खट्टू होतें.

तिसरी लयीची. कृति जेवढ्या लयींत मूल न अडखळतां, न घाबरतां तीनदां लागोपाठ वाजवूं शकेल, तीच तिची लय. रचनाकारानें लिहिलेली द्रुत लय त्याला अजून झेपत नसेल आणि ती सोडल्यास कृतीचा जीव जात असेल, तर कृतीच पुढील वर्षावर टाकावी.

चौथी, दोन कृति असतील तर त्या एकमेकींच्या बहिणी नसाव्या. एक गाणारी, एक चालणारी. एक शांत, एक खेळकर. त्यानें मुलाच्या अंगचे दोन निरनिराळे गुण दिसतात आणि परीक्षकाचा कानहि ताजा राहतो.

पांचवी वाद्याची. घरीं विजेचें वाद्य असेल तर त्याच्या पट्ट्या वजनदार आहेत कीं हलक्या, हें पाहावें. सभागृहांतील खऱ्या पियानोची पट्टी जड असते, आवाज मोठा असतो, आणि हलक्या पट्टीवर शिकलेली नाजूक कृति तेथें उमटतच नाहीं. स्पर्धेपूर्वीं दोन-चार वेळां तरी निराळ्या पियानोवर वाजविण्याची सोय करावी. शिकवणीच्या ठिकाणीं, शाळेंत, एखाद्या परिचित कुटुंबांत विनंती केली तर कोणी नाहीं म्हणत नाहीं.

सहावी गोष्ट घरांतील मंडळींसाठीं आहे. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाचें मत असतें, व तें प्रेमापोटींच असतें. परंतु मुलाच्या कानांवर पांच दिशांनीं पांच मतें आलीं तर त्याचा निश्चय डळमळतो. म्हणून मतें देण्याची बैठक मुलाच्या पाठीमागें एकदांच व्हावी. कोणत्या कृति ह्या हातांस योग्य, हें शिकविणाऱ्यानें ठरवावें. त्यांतून कोणती घ्यावी, हें मुलानें ठरवावें. आणि मोठ्यांनीं ती पन्नास वेळां ऐकण्याची तयारी ठेवावी. ह्या शेवटच्या कामास सर्वांत अधिक सहनशीलता लागते, व मुलास खरा आधार त्याचाच होतो. स्पर्धेहून परत येतांना पहिला प्रश्न "कितवा नंबर?" असा नसावा. "तुला आज कोणती जागा वाजवितांना बरें वाटलें?" असें विचारून पाहावें. त्याचें उत्तर देतांना मुलें जें बोलतात, तें कोणत्याहि प्रशस्तिपत्रावर छापलेलें नसतें.

मुलाच्या गुणांचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे, आणि चार लोकांनीं तो पाहावा असें वाटण्यांतहि कांहीं वावगें नाहीं. परीक्षक हवेत, स्पर्धाहि हव्यात. त्यांच्यामुळें मूल एक कृति शेवटपर्यंत नीट नेण्यास शिकतें. फक्त एवढें पाहावें कीं, त्या पांच मिनिटांसाठीं निवडलेली कृति त्या पांच मिनिटांनंतरहि मुलाच्या जवळ राहील. कृति वाजवून झाल्यावर मुलानें पुस्तक मिटून दूर सारलें कीं आणखी एक पान उलटलें, हें ज्या घरांत कोणी तरी पाहत असेल, त्या घरांतील पुढची निवड बहुधा बरोबरच होईल.